पाचव्या दिवशीचा ताप

माझ्या मुलानं जर्मनीहून पाच देशांची यादी पाठवली, तेव्हा खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. पोर्तुगाल, मॉरिशस, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया. प्रत्येकापुढं घरभाडं किती, दवाखाना कसा, चोऱ्यामाऱ्या होतात का, उतारवयातल्या माणसांना राहायचा परवाना कसा मिळतो, असं सगळं लिहिलेलं. म्हातारपण काढायला यातला एक देश निवडा, असं त्याचं म्हणणं. त्याच्याजवळ आम्हाला कायमचं राहता येत नव्हतं, तिथले नियम आडवे येत होते. आणि सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं नुसते टीव्हीसमोर बसून असतो, हे त्याला व्हिडिओ कॉलवर दिसत होतं.

आता गाव कसं निवडायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी मूळचा माण तालुक्यातला. आमच्याकडं शेती पावसाच्या मर्जीवर, म्हणून घरटी एखादा तरी माणूस बाहेर. सतराव्या वर्षी मी चुलत्यांच्या मागोमाग गलाईच्या धंद्यात शिरलो. सराफांकडचं जुनं सोनं, मोड, दुकानातला केरसुद्धा गाळून त्यातनं शुद्ध सोनं काढून द्यायचं, त्याला गलाई म्हणतात. या धंद्यापायी आमचा मुलूख देशभर पांगलाय. मी तमिळनाडूत सेलमला अडतीस वर्षं भट्टीपुढं बसलो. तिकडं मला मराठी सेठ म्हणत आणि सुट्टीला गावी आलो की मद्रासी म्हणत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण दोन्हीकडं पोटभर जेवायला मिळत होतं.

आमच्यात नव्या गावात दुकान टाकायच्या आधी एक माणूस पुढं जाऊन राहतो. गावाची परीक्षा घेतो आणि मग बाकीच्यांना बोलावतो. चुलत्यांनी मला सेलमला पाठवताना एस. टी. स्टँडवर उभं राहून ही परीक्षा सांगितली होती. “गड्या, तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या. च्या केवढ्याला मिळतो. दुकानं किती वाजता बंद हुत्यात. अन् अंगावर सोनं घातलेली बाई सांजचं एकली बाजारला जाती का न्हाई. हे सगळं ठीक असलं तर पाचव्या दिवशी घोंगडं घिऊन पड. ताप आलाय म्हण. कोण इचारायला येतंय बघ. कोणच न्हाई आलं तर गाव कितीबी स्वस्त असू दे, बाडबिस्तरा उचलायचा.”

सेलमला मी पाचव्या दिवशी लॉजच्या खोलीत पडलो आणि अकराच्या सुमाराला खाली इडल्या विकणारी बाई रसम घेऊन वर आली. मी दुपारीच चुलत्यांना तार केली, गाव चांगलं आहे. त्या एका वाटीवर माझी अडतीस वर्षं ठरली.

तर यादी आल्यावर मी वही घेतली आणि रकाने आखले. खर्च, चोरीचं भय, भाषा, दवाखाना. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला आणि भट्टी सोडून आम्ही सांगलीला आलो, तेव्हापासून दवाखान्याचा रकाना मी जरा रुंदच आखतो. बायको समोर लसूण सोलत होती. माझं सगळं वाचून झालं तशी ती म्हणाली, “स्वस्त-म्हाग तुमी बघा. तुमच्या माघारी माझ्या दारात कोण ईल, तेवढं मला सांगा.”

“मी काय लगीच चाललोय व्हय?”

“तुमी न्हाई वो. पर डाक्टर गोळ्या वाढवाय लागलाय.”

मी हसण्यावारी नेलं. पण नंतर वहीत आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘माघारी’. बाकीचे रकाने मुलाला विचारून, नेटवर बघून भरत गेले. हा एक कुठल्याच देशापुढं भरता येईना.

पोर्तुगाल दवाखान्यापायी गेलं. विमा काढायला गेलो की स्टेंट ऐकून पलीकडचा माणूस फोन ठेवायचा. मॉरिशस खर्चापायी. थायलंड आणि व्हिएतनाम खर्चात बसत होते, चोरीचंही फार भय नव्हतं, पण तिथं छातीत कळ आली तर ती कोणत्या भाषेत सांगायची? राहिला मलेशिया. तिथं पेनांगला तमिळ बोलणारी माणसं पुष्कळ आहेत असं कळलं, आणि आमच्या हिची तमिळ माझ्यापेक्षा चांगली. मी धंद्यापुरती शिकलो, ती भांडण्यापुरती शिकली. मी ठरवलं, आधी महिनाभर जाऊन परीक्षा घ्यायची. मुलानं तिकिटं काढली.

पेनांगला एका तमिळ विधवाबाईंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. मी पहिल्या दिवसापासून कामाला लागलो. चहा उंचावरून ओतून फेसाळ करून देतात, किंमत खिशाला झेपणारी. दुकानं उशिरापर्यंत उघडी. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात एक बाई दिसली, गळ्यात ठसठशीत साखळी, हातात चार-चार बांगड्या, एकटी, भाजीच्या पिशव्या सांभाळत, मागंपुढं न बघता चाललेली. मी तिच्या बांगड्यांकडं इतका वेळ बघत राहिलो की हिनं मला कोपरानं ढोसलं. ते सोनं बावीस कॅरेटचं होतं, हे मी लांबूनच ओळखलं. दवाखाना बघून आलो. स्वच्छ, आणि डॉक्टरला तमिळ येत होती. लांबच्या मुक्कामाच्या परवान्यासाठी मोठी ठेव ठेवावी लागते हे तेवढं बोचत होतं, पण फ्लॅट विकला तर जमण्यासारखं होतं.

पाचव्या दिवशी मी पांघरूण घेतलं.

इथं माझी एक चूक झाली. चुलत्यांची ही युक्ती मी हिला कधी सांगितली नव्हती. धंद्यातली गोष्ट धंद्यात, अशी आमची रीत. त्यामुळं मी कण्हायला लागलो तशी तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती अनवाणी जिन्यावरून खाली गेली. पाच मिनिटांत घरमालकीण वर, तिच्यामागं शेजारचे एक चिनी आजोबा, त्यांच्या हातात गाडीची किल्ली. घरमालकिणीनं माझ्या कपाळाला हात लावला आणि खाली जाऊन ती कांजी घेऊन आली. गरम भाताची पेज, वर आल्याचे काप. मी एक वाटी प्यालो, दुसरी प्यालो आणि तिसरी मागितली.

सगळे गेल्यावर हिनं दार लावलं. “ताप आल्याला माणूस तीन वाट्या पितो व्हय?”

मी खरं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती खुर्चीत बसून रडली. म्हणाली, “परक्या मुलखात आता ह्यांना कुठं न्यायचं, कुणाला सांगायचं, ह्येच जिना उतरताना मनात हुतं.” मला माझीच लाज वाटली. मी गावाची परीक्षा घेत होतो, पण खरी परीक्षा हिला द्यावी लागली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी भीत भीत म्हणालो, “पर गाव पास झालं का न्हाई?” तेव्हा मात्र ती हसली.

सांगलीला परतल्यावर मी वहीत मलेशियापुढं बरोबरची खूण केली. तिनं ती बघितली आणि म्हणाली, “घर इकायच्या आधी हितं बी एकदा ताप येऊ द्या की.” तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ती बहिणीकडं दहिवडीला दोन दिवस गेली. मी दार नुसतं लोटून ठेवलं आणि पांघरूण घेऊन पडलो.

कुणी आलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला लावलेली दुधाची पिशवी मी मुद्दाम काढली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी दुसरी पिशवी लागली. समोरच्या फ्लॅटमधली माणसं जिन्यानं चार वेळा गेली-आली, त्यांच्या पावलांचा आवाज मी मोजत होतो. कुणीही पिशव्या बघून दारावर टकटक केलं नाही. मला इतका संताप आला की खराच ताप येतो की काय असं वाटलं. आपला मुलूख, आपली भाषा, आणि मी मेलो असतो तर दूध नासल्याच्या वासावरून कळलं असतं! पण बोलणार कुणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ही परत आली. कडीला लटकणाऱ्या पिशव्या तिनं मोजल्या. मी म्हणालो, “बघितलंस? ह्यापरीस पेनांग लय बरं.”

ती म्हणाली, “समोरच्या दारावर काय नाव हाय?”

मला सांगता येईना. त्या दारासमोरून मी दोन वर्षं ये-जा करत होतो.

“पेनांगला पयल्या दिशी सकाळी तुमी च्याचा भाव बघत हिंडत हुता, तवा मी खाली मालकिणीकडं शेंगदाण्याची चटणी घिऊन गेले हुते,” ती म्हणाली. “तिच्या नवऱ्याचा फोटो बघितला, कवा गेला, कसा गेला, समदं इचारलं. त्या आजोबास्नी बी चटणी दिली. तिखट लागली बिचाऱ्यांना. सेलमला बी मी गेल्या गेल्या तसंच केलं हुतं. हितं मातर मी कुणाच्या दारात गेले न्हाई. म्हटलं, आपल्याच मुलखात कसली वळख द्यायची?”

सेलमच्या त्या लॉजखालच्या इडलीवाल्या बाईला मी पहिल्या चार दिवसांत काय काय सांगितलं होतं, ते मला आठवलं. आईचं नाव, गावचा दुष्काळ, चुलत्यांचा राग. परक्या गावात गेलं की आपण आपसूक वाकतो. इथं सांगलीत आम्ही ताठ मानेनं येऊन राहिलो होतो आणि लोकांनी आम्हाला ओळखावं अशी अपेक्षा करत होतो. चुलत्यांनी परीक्षा सांगितली, पण परीक्षेच्या आधीचे चार दिवस काय करायचं ते सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन समोर गेली. हळदीचा व्यापार करणारं मुसलमान कुटुंब, सून, नवरा आणि गुडघे धरलेली सासू. तासाभरानं डबा परत आला तो हळकुंडांनी भरून. मग ती खालच्या मजल्यावर गेली. मग गच्चीवर पापड वाळवायच्या निमित्तानं आणखी कुठं. मी आपला सकाळी फिरायला जायचो, पेपर वाचायचो, मुलाचा फोन आला की सांगायचो, आई अजून विचार करतीये. तो वैतागायचा. “बाबा, नक्की कशावर अडलंय? खर्चावर की सुरक्षिततेवर?” मी म्हणायचो, एका रकान्यावर.

माझं मन अजून पेनांगलाच होतं, हेही कबूल करतो. तो चहा, ते समुद्रावरचं वारं, ते डॉक्टर. पण हिच्यावाचून मला तो देश नको होता.

चारेक महिन्यांनी एका रात्री जेवताना ती म्हणाली, “उद्या तुमी दहिवडीला जावा. परवा दुपारपतर येऊ नका. आता नंबर माझा.”

मी गेलो. साडूकडं चांगलं मटण होतं, पण माझं जेवणात लक्ष नव्हतं. मनात एकच, तिच्या दाराला दुधाची पिशवी लटकत असेल तर? माझ्यासाठी कुणी आलं नाही ते मी सोसलं. तिच्यासाठी कुणी आलं नाही तर मी तिला काय सांगणार होतो? फोन करायचा नाही असं तिनं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सकाळचीच एस. टी. धरली, विट्याला गाडी थांबली तेव्हा चहाही प्यालो नाही, आणि दुपारी जिना चढताना छातीत धडधडायला लागलं. ते जिन्यामुळं नव्हतं.

कडीला पिशवी नव्हती. दाराबाहेर चपलांचे चार जोड होते. एकही आमच्या घरातला नव्हता. आतून हिंगाच्या फोडणीचा वास येत होता. मी बेल दाबली.

एका तिशीतल्या बाईनं दार अर्धवट उघडलं. हातात पळी, ओळखीचा चेहरा नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “कोण पाहिजे?”

प्रवासाची पिशवी हातात घेऊन मी स्वतःच्या दारात उभा होतो.

“काकूंना बरं नाहीये,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय. तुम्ही संध्याकाळी या.” आणि ती दार लावायला लागली.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझा ‘माघारी’चा रकाना भरला होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून हिचा आवाज आला, आजारी माणसाचा मुळीच वाटू नये असा खणखणीत.

“येऊ द्या त्यास्नी. आमचंच माणूस हाय.”