दावं टाकलेल्याचा जीव

आम्ही वाडी सोडली तेव्हा उंबऱ्यापर्यंतही कुणी आलं नाही. रीतच तशी होती. ज्याला बाहेर काढलं त्याची पाठ कुणी बघायची नाही. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. वाडीचे मुख्य पंच म्हणून आदल्या दिवशी निवाडा त्यांनीच दिला होता.

वाडीत राहिलेल्यांना हे ठाऊक आहे. आमच्यासारख्या इकडे शहरात आलेल्यांच्या मुलांना नाही, म्हणून सांगते. सिद्धगडाखाली आमची वाडी आणि ओढ्यापलीकडची वाडी एकमेकांची गुरं पळवायची. गुराचं दावं हातात असलेला मेला, तर त्याचं रक्त कुणी मागायचं नाही. दावं टाकलं की तो चोर उरला नाही; अशा पळणाऱ्याला मारलं, तर मारणाऱ्यानं वाडी सोडायची. मग सूड घ्यायचा नाही. माझ्या नवऱ्याच्या कोयत्यानं आमची गुरं न्यायला आलेला पलीकडचा एक तरणा गेला. पोलीसपाटलाला दोन्ही वाड्यांनी तो कड्यावरून पडला असंच सांगितलं.

पाहिलं कुणीच नव्हतं. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दावं हातात व्हतं का त्याच्या?"

हो म्हणा, हो म्हणा, असं माझं मन ओरडत होतं.

"नाय," हे म्हणाले. "टाकलं व्हतं. माझा हात थांबला नाय."

मला मागे राहायची मुभा होती. मी यांच्याबरोबर निघाले. धसई, मुरबाड, कल्याण, मग परळ. गिरणीत काम लागलं, पण यांचा पाय एका जागी ठरेना. पाळी सुटली की रस्ते तुडवत राहायचे. मागून कुणी चालत आलं, की थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचे. एका खोलीत जीव रमतोय म्हणेपर्यंत दुसरी बघायचे. मी भांडी बांधायची, सोडायची, आणि मनात धुमसायची. एका 'हो'नं सगळं राहिलं असतं.

महायुद्ध संपलं त्या सुमारास सासरे गेल्याचा निरोप आला. रीत आता मोडली, या, असंही पंचांनी कळवलं. हे जाईनात. "ज्यानं काढला तो बोलवाया ऱ्हायला नाय," म्हणाले.

मी एकटीच गेले. ओढ्यावर त्या मेलेल्या पोराची आई भेटली. मी वाट सोडून बाजूला झाले. ती शांतपणे म्हणाली, "तुजा घरवाला खोटं बोलला असता, तर मला माजा पोर चोर म्हणून जाळाया लागला असता."

त्यानंतर मला सासरच्या घरात बसवेना. गिरणीचा भोंगा कानात वाजत होता. हे जेवले असतील का, एवढंच मनात येत होतं. सासू म्हणाली, चार दिवस ऱ्हा गो.

"नको," मी म्हटलं. "घरी जाते."

परळच्या त्या खोलीला मी घर म्हटलं होतं, तेही सासूच्या ओटीवर उभं राहून. सासूनं माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ बांधायला घेतले.