नाकाच्या चार बोटं अलीकडे

गुलजार शिकलगारांना अख्खी बारामती मास्तर म्हणते, कारण ते कपडे शिवतात आणि कराटेही शिकवतात. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांचा ओरडा खाल्लेला आहे. पोट आत ओढून कमरेचं माप देणाऱ्या गिऱ्हाइकावर ते जेवढे तापतात, तेवढेच वर्गात कुजबुजणाऱ्या पोरीवर तापतात. माणूस साठीला टेकलेला, अंगानं वाळकुडा, गळ्यात टेप, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

तरुणपणी पुण्यात कारागीर म्हणून असताना एका गच्चीवर ते कराटे शिकले. काळा पट्टा घेऊन गावी परतले, दुकान थाटलं आणि संध्याकाळी एका शाळेच्या मागच्या मैदानात वर्ग सुरू केला. पोरींचे पांढरे पोशाख स्वतः शिवायचे. मैदानाच्या भिंतीवर त्यांनी आपल्या हातानं लाल रंगात एक वाक्य लिहिलं होतं : कोणालाही लागता कामा नये. हा त्या वर्गाचा पहिला नियम. ठोसा पूर्ण जोरात सुटला पाहिजे आणि समोरच्याच्या नाकाच्या चार बोटं अलीकडे थांबला पाहिजे. मास्तर मध्ये स्वतःची बोटं घालून बघायचे. चौथं बोट मावलं नाही तर त्या पोरीची खैर नसायची. स्पर्धेत गुण त्याचेच मिळतात, आणि मास्तरांच्या पोरींनी कपाटभर कप आणलेले होते.

त्यातली पहिल्या नंबरची पोरगी म्हणजे सोनम. कऱ्हाटी गावची. शाळेत असल्यापासून एसटीनं वर्गाला यायची, आता कॉलेजात होती. तिचा ठोसा असा थांबायचा की समोरचीच्या कपाळावरची बट हलायची, पण नाकाला वाऱ्याशिवाय काही लागायचं नाही. मास्तर कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत. तिचं मात्र दुकानात बसून गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

एका दुपारी सोनम फाट्यावर उतरून वस्तीकडं चालली होती. रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस. काही दिवस मोटारसायकलवरून मागं मागं करणाऱ्या एकानं गाडी आडवी घातली आणि तिचं मनगट धरलं. ती घरी पोहोचली तेव्हा बाही फाटलेली होती आणि हनुवटीवर रक्त होतं. ते तिचं नव्हतं. संध्याकाळी तो गडी एका दवाखान्यात अंगठा धरून बसलेला सापडला आणि पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

पुढं जे झालं त्याचा खरा संताप यावा. पोरीला कुणी विचारलंच नाही. बाप एवढंच म्हणाला, की लेक मास्तरांकडं कराटे शिकती. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की तरुणीनं कराटेच्या जोरावर गुंडाला लोळवलं. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. तो लावला विजयसिंहनं. हा पस्तिशीतला, कडक इस्त्रीचा कार्यकर्ता. आठवड्याला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय याला घास गोड लागत नाही. फ्लेक्सवर मास्तरांचा तरुणपणीचा उंच लाथेचा फोटो होता, आणि त्याच्या दुप्पट मोठा हात जोडलेला विजयसिंह. खाली लिहिलं होतं की मास्तरांचा सत्कार होणार आणि त्याच दिवशी त्यांच्या हस्ते बारामती-इंदापूरच्या गावोगावच्या मुलींसाठी शिबिर जाहीर होणार : सात दिवसांत निर्भय. पार कळस, निरवांगीपासून पोरींची नावं येऊ लागली.

मास्तर त्या फ्लेक्सखालून विनाकारण दोनदा जाऊन आले. आयुष्यभर कुणी शाल घातली नव्हती, माणूस फुलणारच.

त्याच दिवशी सोनम दुकानात आली. मास्तरांची बायको करिमा पाटावर बसून काजं करत होती. मास्तरांनी मशीन थांबवली आणि हसून विचारलं, “कुठला मारलास त्याला? उजवा का डावा?”

“सर, ते बोर्डावरचं खोटं हाय,” सोनम म्हणाली.

ती उभ्यानंच बोलत राहिली. “त्यानं हात धरला. तुमी शिकिवलंय तसं मी मनगट फिरवलं. सुटला न्हाय. वर्गात सुटतो, कारण समोरची पोरगी सोडती. त्यो सोडत न्हवता.”

“मग ठोसा मारायचा.”

“मारला की. सगळा जोर लावून मारला.”

“मग?”

“थांबला.” तिनं स्वतःचा हात वर करून दाखवला. “हितं. त्याच्या नाकाच्या चार बोटं अलीकडं. मी थांबवला न्हाय, सर. आपोआप थांबला. त्यो आदी डोळं मिटून उभा राह्यला, मग डोळं उघडून हसला.”

करिमाची सुई थांबली.

“मग त्याचा अंगठा तोंडाम्होरं आला, त्यो मी चावले. दात हाडाला लागंस्तवर. त्यो वरडत खाली बसला आन मी पळाले. कराटे तितं कुठंच न्हवतं.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गेली चुकीच्या माणसावर. “घाबारलीस तू,” ते ओरडले. “घाबारल्यावर कुठलीबी विद्या चालत न्हाय. सराव कमी पडला तुजा.”

सोनमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “सराव कमी पडला असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “ठोसा लागला तरी असता.”

ती निघून गेली. मास्तरांनी पुन्हा पायडल मारलं आणि चांगली सरळ शिवण वाकडी नेली. ती उसवता उसवता ते पोरीला, तिच्या बापाला आणि आजकालच्या पिढीला बोलत राहिले. करिमानं सगळं ऐकून घेतलं आणि मग साधं विचारलं, “तुमी कधी कुणाला खरंखुरं मारलंय का वो?”

मास्तर कात्री ठेवून बाहेर पडले. उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांच्या रागाला सगळी आळी भीत होती, म्हणून त्यांच्या अंगावर आजवर कुणी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते एसटीनं निरवांगीला गेले. तिथं बिरदेव राहतो. एके काळचा पैलवान, आता मेंढरं आणि थोडी डाळिंबं. त्याच्या पैरणी वर्षानुवर्षं मास्तरच शिवतात. मास्तरांनी ना चहा घेतला ना पाणी. सरळ म्हणाले, “बिरदेवा, मला धर. खरं धर.”

“कशापायी?”

“धर म्हणतोय न्हवं.”

बिरदेवनं एका हातानं त्यांचं मनगट धरलं आणि दुसरा हात मानेमागं टाकला. मास्तरांनी मनगट फिरवलं, कोपर मारलं, पायात पाय घातला, पुस्तकातलं सगळं करून झालं. बिरदेव जागचा हलला नाही. मास्तरांचा चेहरा काळानिळा पडला तेव्हा तो काळजीनं म्हणाला, “सोडू का?”

“सोडलंस तर याद राख.”

त्यांचा उजवा हात मोकळा होता. होता नव्हता तेवढा जोर आणि कालपासूनचा सगळा राग त्या मुठीत घालून त्यांनी बिरदेवच्या तोंडावर ठोसा सोडला.

ठोसा थांबला. बिरदेवच्या नाकाच्या चार बोटं अलीकडे.

बिरदेवनं मिटलेला एक डोळा उघडला. “मार की,” तो म्हणाला. “थांबलास का?”

मास्तर स्वतःच्या मुठीकडं बघत राहिले. इतकी वर्षं ज्या हाताचा त्यांना गर्व होता, तो त्यांचं ऐकत नव्हता. मग मात्र राग बरोबर जागी आला. गुण देणाऱ्या पंचांचा राग आला, कपाटातल्या कपांचा आला, आणि सगळ्यात जास्त भिंतीवरच्या त्या लाल वाक्याचा आला, जे त्यांनी स्वतः ब्रश धरून लिहिलं होतं. भर उसात एक पोरगी एकटी उभी राहिली होती आणि तिचा हात कुणी धरला असेल तर तो त्या गुंडानं एकट्यानं नव्हता धरला. मास्तरांनी ती मूठ गोठ्याच्या दगडी भिंतीवर आपटली. तिथं ती थांबली नाही. बिरदेवच्या बायकोनं हळद लावून चिंधी बांधून दिली.

सत्कार मंगल कार्यालयात होता. पुढच्या रांगांत गावोगावच्या पोरी आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. सोनम आईशेजारी मागं बसली होती. आधी प्रात्यक्षिक ठेवलेलं. विजयसिंहच्या मंडळाची पोरं गुंड होऊन मंचावर आली, वर्गातल्या पोरींनी नुसता हात लावला की आडवी पडू लागली. एक तर हात लागायच्या आधीच पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर खुर्चीत बसून चिंधी बांधलेली मूठ वळत होते.

विजयसिंहनं शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढं केला. मास्तरांनी शाल काढून घडी केली आणि नारळासकट खुर्चीवर ठेवली.

“ही पोरं पडली, कारण त्यास्नी पडायला सांगितलंय,” ते म्हणाले. “रस्त्यावरचा पडत न्हाय. मी तुमच्या पोरींना मारायला शिकिवलंच न्हाय. मारता मारता थांबायला शिकिवलं. ह्ये सात दिसाचं शिबिर मी घेणार न्हाय, आन कुणी घेतलं तर तुमी पोरी धाडू नका. शिकले, आता मला सगळं येतं, आसं वाटून पोरगी पळायची थांबली, तर तिचं वाटोळं हुईल.”

विजयसिंहनं हसत हसत माइक काढून घेतला. “मास्तर जरा भावुक झालेत. थोर माणसं अशीच नम्र असतात.”

“नम्र कुणाला म्हंतोस?” मास्तर माइकशिवाय एवढ्या मोठ्यानं कडाडले की आचारी बाहेर येऊन बघू लागले. “मी खरं सांगतोय. ती पोरगी माज्या विद्येनं वाचली न्हाय.”

“मग कशानं वाचली?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मागं सोनम उठून उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आईनं ओढणी धरून खाली बसवायला बघितलं, पण ती बसली नाही. “ती पोरगी मी,” ती म्हणाली. “मी चावले त्याला.”

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. आया हसल्या नाहीत. मास्तर मंचाच्या काठावर आले आणि हसणाऱ्यांकडं बोट रोखलं. “हसा. तुमच्या लेकी ऐकत्यात. उद्या कुणी त्यांचा हात धरला, तर चावायची लाज वाटून त्या गप उभ्या ऱ्हातील, आन त्या तुमच्या ह्या हसण्यापायी.”

हशा थांबला. पण कार्यक्रमाची गोडी गेली ती गेलीच, आणि लोक जेवण न करता उठले याचा दोष पुढं कित्येक दिवस मास्तरांना मिळत राहिला.

कुणी शहाणं झालं असं समजू नका. पंधरवड्यात चौकात नवा फ्लेक्स लागला. शिबिर तेच, फक्त बाहेरून आणलेले दुसरे सर, आणि त्यांचीही लाथ उंचच. कळस-निरवांगीच्या पोरी तिकडं गेल्या. मास्तरांच्या वर्गातल्या निम्म्या पोरी घरच्यांनी काढून घेतल्या, कारण मास्तर म्हणे पोरींना चावायला शिकवतो. दुकानात येऊन हे तोंडावर सांगणाऱ्या एका बापाची अर्धी शिवलेली विजार मास्तरांनी तशीच त्याच्या हातात दिली.

मग त्यांनी जुन्या गोधड्या उसवल्या. चिंध्यांचे थर घालून स्वतःसाठी एक जाड कोट शिवला, कोपरापासून मनगटापर्यंत दुप्पट जाड. करिमानं दोरे ओढले. मैदानाच्या भिंतीवरच्या लाल वाक्यावर त्यांनी चुना फासला. त्याखालून लाल अक्षरं अजून पुसट दिसतात, त्याचाही त्यांना राग येतो.

पहिल्या दिवशी ते कोट घालून उभे राहिले. राहिलेल्या पोरी समोर ओळीत होत्या आणि त्यांत सोनम होती.

“मी धरणार,” मास्तर म्हणाले. “आन सोडणार न्हाय. चावा, वरडा, लाथा घाला. सुटायचं आन पळायचं. ये, सोनम.”

त्यांनी तिचं मनगट धरलं. ती चवताळून ओढाताण करू लागली, तिनं कोटाच्या बाहीचा कडकडून चावा घेतला, नडगीवर लाथ घातली. मास्तरांनी दात आवळले, पण पकड सोडली नाही. मग तिनं मोकळ्या हातानं ठोसा सोडला.

तो थांबला. तिथंच.

सोनम त्या मुठीकडं बघत राहिली. दुकानात जे डोळे कोरडे होते ते आता भरले. “ह्यो हात माजा ऱ्हायलाच न्हाय, सर,” ती म्हणाली. “तुमी घेतलाय त्यो.”

मास्तरांनी मनगटाची पकड आणखी घट्ट केली. “मग घे माज्याकडनं परत. मार.”

“लागंल तुमाला.”

“लागू दे.”

“सर, तोंडावर काय न्हाय तुमच्या.”

“त्या गड्याच्या हुतं का?” मास्तर तिच्यावर ओरडले, आजवर कुणावर ओरडले नव्हते एवढ्यानं. “मला लागंल म्हणून थांबतीस? त्या भिंतीवर मी लिहिलं म्हणून थांबतीस? मी चुकीचं लिहिलं, सोनम. मार.”

ठोसा सुटला आणि थांबला नाही. मास्तर पाठीवर मातीत आडवे झाले, पकड सुटली, आणि सोनम सांगितल्याप्रमाणे फाटकापर्यंत पळाली. तिथून वळून बघितलं तर मास्तर उठून बसत होते आणि नाकातलं रक्त मिशीवरून कोटावर उतरत होतं. ती तशीच धावत परत आली.

“सॉरी, सर.”

मास्तरांनी बाहीनं नाक पुसलं आणि रक्ताकडं नीट बघितलं. “सॉरी म्हणायचं न्हाय,” ते गुरगुरले. मग तिचा हात धरून उभे राहिले, तो हात सोडला आणि ओळीकडं वळले. “पुढची कोण हाय?”