पाणी उतरायच्या आत

जयवंतरावांची बोट आमच्या लोअर हट गावातल्या घराच्या स्वयंपाकघराएवढी लांब असेल, त्याहून मोठी नाही. अ‍ॅल्युमिनियमची, मागं एक इंजिन लावलेली. या देशातले लोक अशा बोटीला टिनी म्हणतात. ती पलीकडच्या बेटावर, हॅवलॉक गावात, एका ओळखीच्या गोऱ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली असे. सुट्टी जोडून आली की जयवंतराव आणि त्यांची बायको बेबीताई फेरीनं सामुद्रधुनी ओलांडून तिकडं जात. पुढं पुढं माझा जावई चारुदत्त, मुलगी सुचित्रा आणि मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी आपल्यातल्या कुणाविषयी तरी लिहा, असं सांगण्यात आलं, तेव्हा मला जयवंतरावच आठवले. मला हे कितपत जमेल, सांगता येत नाही.

जयवंतराव मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेकाठचे. लहानपणी ते डोंग्यातून नदी ओलांडून शाळेत जात. इथं त्यांची नोकरी पाण्याच्या पाइपलाइनींवर इंजिनियर म्हणून. बोट घेतली तेव्हा ती कशासाठी, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. मासे धरायचे नव्हते. मग ऑफिसातल्या शिकारी मित्रांनी विचारलं, आम्हाला आतल्या खाडीत सोडतोस का? त्या भागात डोंगर थेट समुद्रात उतरतात. रस्ता नाही, चालत जायचं तर दोन डोंगर चढावे लागतात. हरणं मात्र तिथंच असतात. तेव्हापासून जयवंतराव शिकाऱ्यांना पोचवू लागले. स्वतः त्यांनी कधी बंदूक हातात घेतली नाही.

"मी पंचशील घेतलंय," ते म्हणत. "मारणार नाही. पोचवायला कोणाची मनाई नाही."

"म्हणजे पाप माझं आणि पेट्रोल तुमचं," चारुदत्त त्यांना चिडवायचा. तो पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. बंदुकीचं लायसन्स त्यानं चाळिशीनंतर काढलं.

"पेट्रोलबी तुझंच," जयवंतराव म्हणायचे.

मटण मात्र ते खात. हरणाची एक मांडी बोटीचा वाटा म्हणून त्यांच्याकडं जाई आणि बेबीताई तिचा वऱ्हाडी रस्सा करी. तो तिखट. मी बेताबेतानंच घेत असे.

एकदा जयवंतराव अंधार पडून बराच वेळ झाला तरी परतले नाहीत. इंजिनाच्या पंख्यात समुद्रातलं गवत अडकलं होतं, एवढंच. पण तोवर बेबीताईनं पोलिसांना फोन केला होता आणि धक्क्यावर बसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "यापुढं अंधार पडल्यावर आलात, तर बोट विकायची. काहून, कसं, मी इचारणार नाही."

जयवंतराव म्हणाले, "ठीक आहे."

त्यांना दुसरा नाद नव्हता. चारुदत्त कधी गाडी बदलायचा, कधी कॅमेरा. जयवंतरावांची फक्त ती बोट होती. म्हणून ते अट काटेकोर पाळत. उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक छोटं यंत्र बेबीताईनं त्यांना घेऊन दिलं होतं. त्यात दोनच निरोप भरून ठेवले होते. 'निघालो' आणि 'उशीर होईल, सुखरूप आहोत'. दुसरा त्यांनी कधी वापरला नव्हता.

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघे निघालो. मी, चारुदत्त आणि जयवंतराव. मला पाण्याची भीती वाटते, पण सामान राखायला माणूस हवा म्हणून मला घेतलं. आम्ही एका लांब खाडीच्या टोकाला गेलो. भरतीला तिथं बोट थेट ओढ्याच्या तोंडाशी जाते. ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो. पाणी उतरायच्या आत निघालं नाही, तर बोट चिखलात बसते आणि रात्रीच्या भरतीशिवाय हलत नाही. बाहेर खोल पाण्यात नांगरावी, तर किनाऱ्यावर यायला दुसरी होडी नाही.

चारुदत्त सकाळीच वर गेला. दुपारी गोळीचा आवाज आला. बऱ्याच वेळानं तो रिकाम्या हातानं खाली आला. पाणी उतरायला लागलं होतं. जयवंतरावांनी इंजिन चालू करून ठेवलं होतं.

"मादी होती. लागली, पण घळीत पळाली," चारुदत्त म्हणाला. "शोधलं थोडं. मग घड्याळ बघितलं. चला दादा, निघू."

"लागली तेव्हा कशी उभी होती?"

"पाठ वाकवली तिनं. मग लंगडत गेली."

"रक्त?"

"होतं. काळपट."

जयवंतरावांनी इंजिन बंद केलं. बूट घालायला घेतले.

"दादा, काय करताय?"

"पोटात लागली असंल. संध्याकाळपर्यंत मरत नाही तशी. चल."

"अहो, बोट जाईल."

"पाणी जाईल. परत येईल."

"मी पाण्याचं नाही म्हणत. बेबीताईंनी काय सांगितलंय?"

"मले म्हाईत आहे काय सांगितलंय." मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "काका, तुम्ही बोटीतच बसा. चिखलात उतरू नका, गुडघ्यापर्यंत जाल."

जाण्याआधी त्यांनी ते यंत्र काढलं, दुसरा निरोप पाठवला आणि यंत्र माझ्या हातात दिलं.

मी बसून राहिलो. पाणी सावकाश सरकत गेलं. आधी बोटीखालून खरखर आली, मग बोट एका अंगावर कलली. मी सामान दुसऱ्या बाजूला सरकवलं, त्यानं काही फरक पडला नाही. खेकडे बाहेर आले. उन्हं डोंगरामागं जाऊ लागली तेव्हा वरून एकच गोळी ऐकू आली.

दोघं खाली आले, तेव्हा चारुदत्तच्या खांद्यावर मांसाच्या पिशव्या होत्या. जयवंतरावांच्या हातात फक्त त्याची बंदूक होती, तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवायचा दांडा, काढलेला. बंदूक त्यांनी धरलेली मी तेवढीच पाहिली.

"जिवंत होती," चारुदत्त मला म्हणाला.

भरती आली तोवर अंधार पडला होता. अंधारात खडकांमधून बोट न्यायला जयवंतरावांनी नकार दिला. तरंगल्यावर ती तेवढी खोल पाण्यात नेऊन नांगरली, आम्ही तिच्यातच ताडपत्रीखाली झोपलो आणि उजाडल्यावर निघालो.

बेबीताई धक्क्यावर उभी होती. हातात थर्मास. तिनं आधी आम्हाला चहा ओतून दिला. मग चारुदत्तनं सगळं सांगितलं, चूक आपली होती हेही सांगितलं.

"सापडली ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"सापडली."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता बोट कोणाला विकता?"

चारुदत्त मध्ये पडायला गेला. जयवंतरावांनी त्याला थांबवलं. "ती बरोबर बोलते. मी हो म्हटलं होतं."

"याला द्या," बेबीताई चारुदत्तकडं हात करून म्हणाली. "याला घरी यायची घाई असते."

तसंच झालं. बोट आता चारुदत्तची आहे. कागद झाले त्या दिवशी सुचित्रानं नवऱ्याला तीच अट घातली, अंधाराआधी परत. ती बेबीताईकडून ऐकून आली असावी.

जयवंतराव अजून आमच्याबरोबर येतात. पुढं बसतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. चारुदत्त सुकाणू धरतो. तो आता लांबून गोळी घालत नाही. हरीण अगदी जवळ आणि आडवं उभं असेल तरच. त्यामुळं बहुतेक वेळा हात हलवत खाली येतो आणि आम्ही उजेडातच परततो. बेबीताईनं मसाला वाटून ठेवलेला असतो. ती आधी आमच्या हातांकडं बघते, मग मसाल्याचा डबा फ्रीजरमध्ये टाकते आणि वांगी चिरायला घेते.