खरवडलेलं लेबल

काकूंनी माझ्या हातातला आमटीचा डाव काढून घेतला. ओढला नाही. हळूच, हसत काढून घेतला.

"तुम्ही राहू द्या हो. तुम्ही आपलं स्पीकरकडे बघा."

दोन हजार पाच साल. सांता क्लारातल्या एका शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल. मंडळाचा गणपती. दहा मिनिटांपूर्वी याच काकू म्हणाल्या होत्या, "अरे, जरा हात लाव रे वाढायला. आमचे हे कुठं गायब झालेत कोण जाणे." तेव्हा मी 'अरे' होतो. आता एकदम 'तुम्ही' झालो.

मधल्या दहा मिनिटांत घडलं एवढंच. नागपूरच्या माझ्या कॉलेजातला एक जण नवाच नोकरीवर आला होता. जेवणाच्या रांगेत त्यानं मला ओळखलं आणि आडनावानं हाक मारली. मोठ्यानं. मंडळाच्या यादीत माझं आडनाव नव्हतं. माझं नाव, पुढं बापाचं नाव, बस. तीन वर्षं ते खपून गेलं होतं. त्या एका हाकेनं रांगेतले चार चेहरे फिरले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आमटीच्या पातेल्याकडे पाहिलं. मग डाव गेला.

मी म्हणालो, "हो काकू."

जाऊन साउंडच्या मिक्सरमागे बसलो. आरतीची सीडी लावली. आवाज अगदी नीट ठेवला. राग आला नाही. रडू आलं नाही. दाताला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. पुढं दोन महिने ते तसंच राहिलं. ऑफिसला ड्राइव्ह करत होतो, कोड लिहीत होतो, जेवत होतो. घरी फोनवर 'मजेत आहे' म्हणत होतो.

मंडळात वाजणारे स्पीकर माझे स्वतःचे होते. ओकलंडमधल्या ग्लेनरॉयकडून घेतलेले. ग्लेनरॉय साठीचा, जमैकातल्या किंग्स्टनचा माणूस. आमच्या ऑफिसच्या इमारतीत वायरिंगचं काम करायचा आणि घरी गॅरेजमध्ये स्पीकरचे लाकडी बॉक्स बनवायचा. कपाटाएवढे. त्यांचा आवाज कानात नाही, छातीत वाजायचा. नोव्हेंबरात एक बॉक्स फाटका वाजायला लागला म्हणून मी तो त्याच्याकडे घेऊन गेलो.

आतला पडदा बदलता बदलता तो बोलत राहिला. त्याच्या बापाचा साउंड होता. साउंड म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, अँप्लिफायर आणि एकावर एक रचलेले बॉक्स. किंग्स्टनात श्रीमंत लोक क्लबात नाचायचे, वस्तीतल्या माणसांना दारातून आत घेत नसत. रेडिओवर त्यांना हवं ते गाणं लागत नसे. म्हणून साउंडवाल्यांनी अंगणात बॉक्स रचले. अख्खी गल्ली नाचली. आधी अमेरिकेहून आणलेल्या रेकॉर्डी वाजल्या, मग यांनी स्वतःच्या बनवल्या. त्यातूनच पुढं रेगे आला. माणसं पोटासाठी लंडनला गेली, तिथं कुणी धड खोली देईना, क्लबात घेईना. मग तळघरांत बॉक्स लागले. न्यूयॉर्कला गेली, तिथं बागेत लागले, रस्त्यावरच्या खांबातून वीज ओढून.

मी ऐकत होतो. माझ्या बापाचाही साउंड होता. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, एक हातगाडी. चौदा एप्रिलच्या जयंतीला तो कडुनिंबाला भोंगे बांधायचा. पलीकडच्या कॉलनीतले लोक धडाधड खिडक्या लावून घ्यायचे. बाप आवाज वाढवायचा. माइकवर आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगायचा, आडनावासकट, आणि मग पहिलं गाणं. मी अमेरिकेला निघालो तेव्हा त्या गाण्यांची एक कॅसेट त्यानं बॅगेत टाकली होती. ती मोज्यांच्या खणात पडून होती. रूममेट ऐकतील म्हणून एकदाही लावली नव्हती.

ग्लेनरॉयनं बापाच्या रेकॉर्डी दाखवल्या. सगळ्यांचा मधला गोल कागद ब्लेडनं खरवडलेला. एकावरही नाव नाही. मी विचारलं, का?

"दुसऱ्या साउंडवाल्यानं येऊन नाव वाचू नये म्हणून. गाणं आमच्याकडेच राहिलं पाहिजे. सगळे साउंडवाले तेच करायचे."

मी म्हणालो, मीही खरवडलंय. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. आडनाव, जात, काकू, डाव. जात समजावून सांगायला फार वेळ लागला नाही.

त्यानं स्क्रू घट्ट केला. मग म्हणाला, "माझा बाप नाव खरवडायचा, पण गाणं अख्ख्या गल्लीला ऐकवायचा. तू तर गाणंच बंद केलंस."

भूल उतरते तेव्हा दुखतं. मला तिथंच, गॅरेजात, दुखायला लागलं. तीन वर्षं माझ्या बॉक्समधून मी मंडळाची आरती वाजवली आणि बापाचा आवाज मोज्यांत गुंडाळून ठेवला. आधी माझीच लाज वाटली. मग मंडळातल्या लोकांची चीड आली. साता समुद्रापार आलेली, पोरांशी इंग्रजीत बोलणारी ही शिकलेली माणसं. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता.

जानेवारीत मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "संक्रांतीच्या कार्यक्रमाचं साउंडचं तूच बघशील ना?" डावाबद्दल अवाक्षर नाही. मी हो म्हणालो.

हॉल भरला होता. तिळगूळ वाटणं चाललं होतं. मी माइक हातात घेतला. आवाज तपासताना सगळे 'हॅलो, चेक' म्हणतात. मी माझं पूर्ण नाव म्हणालो. आडनावासकट. दोनदा. मग कॅसेट लावली. जयंतीचं गाणं त्या बॉक्समधून निघालं आणि लोखंडी खुर्च्या थरथरल्या.

अध्यक्ष धावत आले. "अरे, हे काय लावलंयस? प्लीज, बंद कर. फॅमिलीज बसल्यात इथं."

"काका, गाणं संपू द्या."

त्यांनी वायरीकडे हात नेला. मी तो हात धरून बाजूला केला. झटकला नाही. काकूंसारखाच, हळूच. हसलो मात्र नाही.

गाणं शेवटपर्यंत वाजलं. मग मी वायरी गुंडाळल्या, बॉक्स व्हॅनमध्ये चढवले आणि निघालो. त्यांचा कार्यक्रम पुढं बिनमाइकचा झाला असेल.

मंडळाचा फोन परत आला नाही. न येवो. आता माझं आडनाव बॅजवर आहे, मेलवर आहे, दारावर आहे. एप्रिलात ओकलंडच्या बागेत ग्लेनरॉयचे आणि माझे बॉक्स शेजारी शेजारी लागतील. आठच माणसं आली तरी लागतील. कुणी खिडक्या लावून घेतल्या, तर मी आवाज वाढवीन.