जाळ्यातील एका घराची जागा

तालुक्याच्या कचेरीसमोरील कडुनिंबाखाली माझे टेबल असे. मी नववीपर्यंत शिकलो. पुढे शिकण्याचा योग आला नाही. तथापि शासनाशी कोणत्या भाषेत बोलावे याचे ज्ञान शाळेत मिळत नसते. ते मी स्वतः संपादन केले होते. माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आला, असे त्या तालुक्यात कोणी सांगणार नाही. एखादा शब्द अडला की कचेरीतील कारकून खिडकीतून मलाच हाक मारीत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी एक नवे अर्थसाहाय्य सुरू झाले. घरातील कमावता मनुष्य मरण पावला, तर शासन त्या घराला एकरकमी रोख मदत देई. तारण नव्हते, परतफेड नव्हती. हे अर्ज मी विशेष मन लावून लिहीत असे, कारण त्यात मागणाऱ्याला कोणाचे मिंधे व्हावे लागत नसे.

धानाची कापणी चालू असतानाच्या एका सकाळी एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. नागभीडच्या बाजूला एका मोठ्या तलावाकाठी ढिवर मासेमारांची वस्ती आहे, तिथली ती. नवरा पावसाळ्यात तापाने गेला होता. घरात ती आणि तिची सासू, एवढेच. मी तिचे दाखले तपासले, कागद पुढे ओढला आणि विचारले, "पैशाचे काय करणार, बाई?"

अर्जात असा रकाना नव्हता. परंतु मदतीचा हेतू शेवटी एका वाक्यात नमूद करण्याची माझी पद्धत होती. त्याने अर्जाला वजन येते.

"जाळं करतो, भाऊ," ती म्हणाली.

"नवऱ्याचे जाळे असेलच की."

"ते झाडाले टांगलं."

मला अर्थबोध झाला नाही हे तिने ओळखले आणि अडाणी माणसाला सांगावे तसे सावकाश सांगू लागली. त्या वस्तीत मोठे जाळे कोणा एकाच्या मालकीचे नसते. प्रत्येक घर आपापला तुकडा विणते. उन्हाळ्यात तलाव आटत आला की सगळे तुकडे एकमेकांना बांधून एकच लांब जाळे होते आणि सारी वस्ती मिळून ते ओढते. प्रत्येक घराची रांगेतील जागा ठरलेली. तुकड्यामागे एक वाटा. माणूस मेला की त्याचा तुकडा पुन्हा पाण्यात घालायचा नाही, असा रिवाज. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ऐनाचे झाड आहे. त्याला तो टांगतात आणि तिथेच तो विरून जातो. पुढच्या ओढीपर्यंत घराने नवा तुकडा आणला तर जागा राहते. नाही आणला, तर शेजारचे दोन तुकडे एकमेकांना बांधले जातात आणि मधली जागा कायमची मिटते.

"एकडाव मिटली की मग कोनी उघडत नाई," ती म्हणाली. "म्हणून मले सूत पाह्यजे. नायलॉनचं. शिसं पाह्यजे, दोर पाह्यजे. विणतो मी."

मी अर्ज लिहिला. शेवटचे वाक्य असे होते: 'सदर साहाय्यातून अर्जदार जाळे तयार करून आपल्या कुटुंबाचा तलावातील परंपरागत वाटा अबाधित राखू इच्छिते.' वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "लय लंबं झालं. पन बरं आहे."

अडचण मंजुरीत आली नाही, मंजुरीनंतर आली. कचेरीत त्या वर्षी एक विस्तार अधिकारी नव्याने आले होते. त्यांचे मत होते की खेड्यातील बाईच्या हाती रोख देऊ नये. एका दुकानदाराकडून शिवणयंत्रे घेऊन ती वाटावीत आणि बायकांकडून तशी संमतीपत्रे घ्यावीत, अशी त्यांची योजना. त्यांचा हेतू वाईट नव्हता. रोख रकमेचे काय होते हे त्यांनी कुठेतरी पाहिले होते, आणि जे पाहिले तेवढेच जग आहे असे ते समजत होते. कोरे कागद घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. ती बाई शेजारीच उकिडवी बसली होती.

"हिचे संमतीपत्र लिहा," ते म्हणाले.

"तिने संमती दिलेली नाही."

"ती देईल. रोख मिळाली की आठ दिवसांत नातेवाईक खाऊन जातात. यंत्र घरात राहते."

"घरात राहील हे खरे आहे, साहेब. मला तेवढीच भीती वाटते."

ते रागावले. "तुमचा धंदा लिहिण्याचा आहे, ठरवण्याचा नाही."

"मान्य आहे," मी म्हणालो. "शासनाने रोख द्यायचे ठरवले आहे. तेव्हा आता ठरवण्याचे काम आपल्या दोघांपैकी कोणाकडेच उरलेले नाही."

मी लेखणी टेबलावर ठेवली. त्या दिवशी दुपारपर्यंत मी दुसरे कोणतेही काम घेतले नाही. तहसीलदारांच्या नावे एक निवेदन तयार केले आणि बाईला घेऊन स्वतः आत गेलो.

तहसीलदार शांत गृहस्थ होते. निवेदन त्यांनी पूर्ण वाचले, याची नोंद मला केलीच पाहिजे, कारण पूर्ण वाचणारे अधिकारी थोडे. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता बाईलाच विचारले, "शिलाई मशीन मिळाली तर घरी बसून चार पैसे मिळतील. नको का?"

"घरी बसायले काई हरकत नाई, साहेब," ती म्हणाली. "पन आमच्या वस्तीत लुगडं नेसणाऱ्या बाया आन् पंचे गुंडाळणारे बुढे. शिवाले देईन कोन?"

कोपऱ्यातील कारकून हसला. आमच्या मागोमाग आत आलेले विस्तार अधिकारी म्हणाले, "बाजूच्या गावातून कपडे येतील."

"त्या गावात शिंपी आहे. त्याच्या पोटावर मी काऊन पाय देऊ? मले माही जागा आहे न. जाळ्यात. उन्हाळ्यात ओढ होते. तवापर्यंत तुकडा नाई झाला तं जागा गेली. मग मशीन घेऊन पाळीवर बसीन आन् लोकायची मच्छी पाहीन."

तहसीलदारांनी निवेदन मिटले. "रोखच द्या," ते म्हणाले. "तिच्या नावे खाते उघडून."

खाते उघडण्यासाठी बँकेला एक ओळखदार लागे. ती सही मी केली. माझी सही बँकेत चालत असे. सगळी रक्कम एकदम काढून सर्व सामान एकदाच आणावे, हा व्यवहार्य सल्लाही मी तिला दिला. तिने तो ऐकून घेतला आणि मानला नाही.

"लागन तेवढेच काढतो, भाऊ. पेटीतला पैसा साऱ्याईले दिसते. बँकेतला कोनाले दिसत नाई."

ती नागभीडच्या बाजारातून सूत घेऊन गेली. थंडीभर मला तिची काही वार्ता नव्हती. पळस फुलू लागले तेव्हा ती पुन्हा टेबलासमोर आली. खांद्यावर जाळ्याची मोठी गुंडाळी होती.

"काही लिहायचे आहे का?"

"लिहायचं काई नाई. बँकेत चला. चिठ्ठी भरून द्या."

घडले ते असे. जाळ्याचे डोळे, म्हणजे छिद्रे, एकसारखे यावेत म्हणून विणताना बांबूची एक पट्टी वापरतात. त्या वस्तीत प्रत्येक घराची पट्टी असते, आणि जाळ्याबरोबर मेलेल्याची पट्टीही झाडाला टांगली जाते. हिने नवी पट्टी कोणाला मागितली नाही. विणणे माहेरी शिकलेली. दोन बोटांचे माप धरून विणत गेली. तुकडा निम्म्याहून अधिक झाला तेव्हा वस्तीचा म्होरक्या पाहायला आला. त्याने आपली दोन बोटे डोळ्यात घातली, ती शिरेनात.

"काऊन वं सूनबाई, हे जाळं आहे का चाळणी?" तो म्हणाला. "हे पाणी धरून बसन. साऱ्याईची ओढ अडन. रांगेत नाई चालणार."

"तुमची बोटं म्हणजे मुसळं, मामाजी," ही म्हणाली. "मले काय ठाऊक साऱ्या तलावाचं माप तुमच्या बोटात आहे म्हणून."

म्होरक्या हसला नाही. पण जाताना त्याने कुंपणाचा एक बांबू उपटला आणि संध्याकाळी नवी पट्टी तासून तिच्या दारात ठेवली.

आता सूत नव्याने लागणार होते, आणि त्यासाठी बँकेतील शिल्लक होती. मी चिठ्ठी भरली, तिने अंगठा उठवला. बँकेच्या रांगेत उभा असताना एक गोष्ट मला स्पष्ट झाली आणि ती मी पुढे कित्येक अर्जांत वेगवेगळ्या शब्दांत मांडली. वस्तू देणारा एकदाच देतो, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे देतो. रोख मिळालेल्या माणसाला चुकण्याची आणि चूक दुरुस्त करण्याची मोकळीक मिळते. गरिबाला ही मोकळीक सहसा कोणी देत नाही. आधी विणलेला बारीक डोळ्यांचा तुकडाही वाया गेला नाही. सासू तो घेऊन नाल्यावर झिंगे धरायला जाऊ लागली.

"वेळेत होईल का?" मी विचारले.

"होईन कसं नाई," ती म्हणाली. "हात आहेत न."

लिहून दिलेल्या अर्जाचा शेवट पाहायला जाण्याची माझी रीत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र मी टेबल बंद ठेवून सायकलने तलावावर गेलो. पांढरा सदरा, काखेत छत्री. पाळीवरील ऐनाला विरलेले जाळे वाऱ्यावर हलत होते. खाली चिखलात घरोघरचे तुकडे रांगेने पसरले होते, आणि म्होरक्या एका टोकाकडून गाठी तपासत येत होता. तिच्या तुकड्यापाशी तो थांबला. दोन बोटे डोळ्यात घातली. ती आरपार गेली. त्याने दुसरा डोळा पाहिला, मग मधला एक, मग कडेचा.

"या तुकड्याचा धनी कोन?" त्याने विचारले. प्रत्येक घराला तो हेच विचारत आला होता.

"मी," ती म्हणाली.

"बाईमाणूस पाण्यात उतरन?" मागून कोणी तरी म्हणाले.

"तू उतरून राह्यला न," ती मागे न पाहता म्हणाली. "मग पाणी काई लय खोल नसन."

लोक हसले. म्होरक्याने डावीकडचा तुकडा तिच्या तुकड्याला बांधला, मग उजवीकडचा, आणि दोन्ही गाठी पायाने दाबून पाहिल्या. पदर खोचून ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. ओढ सुरू झाली. जाळे फुगले, रांग वाकली, आणि तिच्या बाजूचा दोर चिखलात घसरू लागला. तिने मान वळवली आणि पाळीवर छत्री उघडून उभा असलेला मी तिला दिसलो.

"भाऊ, उभे काऊन? दोर धरा."

मी छत्री मिटली, चपला काढून पाळीवर नीट जोडून ठेवल्या आणि पाण्यात उतरलो.