हिरव्या उजेडाची वाट

पलटणीत त्याला सगळे एकगोळी म्हणायचे, कारण दुसरी गोळी झाडावीच लागायची नाही त्याला. सतरा वर्षं नेमबाजांच्या तुकडीत. बायको भांडताना म्हणायची, "नेम काय तो तिकडेच, इकडे साधा टॉवेल दोरीवर पडत नाही तुमच्याकडून."

मग ती सरावाची खोली आली. खिडक्या नाहीत, भिंतभर पडदा, त्यावर पळणारी माणसं, हातात खऱ्या वजनाची पण बिनगोळीची बंदूक. आणि मध्येच हिरवा लेझर थेट डोळ्यात. इजा न करणारा, बेताचाच, पण क्षणभर सगळं गायब. शत्रू असंच करणार, म्हणून सवय हवी. सराव घेणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं, उजेड आला की मान खाली, दोन श्वास थांबायचं, मग नेम.

बाकीची पोरं थांबायची. एकगोळीला थांबणं म्हणजे हार वाटायची. त्याने उजेडाची वेळच पाठ केली. मनात मोजायचा, नवाला ट्रिगर, दहाला डोळे बंद. चाळीस नेमांत छत्तीस लागले. उस्तादांना चोरी कळली, हसले, आणि वेळ उलटसुलट करून टाकली.

बावीस. मग एकोणीस.

डोळे तपासून डॉक्टर म्हणाले, "डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत तुझे, पळ." म्हणजे सांगायला कारणही उरलं नाही. अठ्ठावीसच्या खाली तिसऱ्यांदा आला की तुकडी सुटणार, कोठारात बूट-गाद्या वाटत बसायचं.

तिसऱ्या वेळी एकगोळी मोजायचंच नाही असं ठरवून आडवा झाला. पण बोट ट्रिगरवर गेलं की आता येईल, आता येईल, असं आतून कुणीतरी ओरडायचं आणि पापण्या मिटायच्या. नेम कुठे जायचा देव जाणे. पडदा विझला. सोळा.

"वेळ फारच वाकडी लावलीत उस्ताद. बोट टेकलं की उजेड येतोय असं वाटायचं."

उस्ताद तारा गुंडाळत होते. "मी आज लेझर लावलाच नव्हता रे. म्हटलं, तुझी धास्ती निघून जाईल."

एकगोळीने बंदूक खाचेत ठेवली.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली. "जाऊ दे," ती म्हणाली, "निदान वेळेवर जेवाल."

तो हो म्हणाला.