राइट-क्लिकपायी भावाचा ओठ फाटला

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

कळंबला माझा आणि धाकट्या भावाचा, संदीपचा, फोटो स्टुडिओ आहे. आज एक गिऱ्हाईक वारलेल्या आईचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आलं. दुसरीकडे ते कुठंच नव्हते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरवरच्या फोल्डरवर राइट-क्लिक केलं की वर 'कॉपी' येतं. पेनड्राइव्हवर त्याच जागी 'डिलीट'. संदीपनं सवयीनं वरचंच दाबलं. फोल्डर गायब!

"कायले उडवले बे? माह्या मायचे होते!" गिऱ्हाइकानं संदीपचं डोकं टेबलावर आपटलं, कीबोर्ड तोंडावर हाणला. मी मधे पडले, तर मलाही भिंतीवर ढकललं. शेजारच्या दुकानदारांनी त्याला ओढून धरलं, तेव्हा तो खाली बसून हमसून रडायला लागला.

रक्त पुसत संदीपनंच रिकव्हरी लावली. बहुतेक फोटो परत आले.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, दोन्हीकडे एकच क्रम ठेवायला काय जातं?

मी पोलिसात जाते म्हटलं. टाके घातलेल्या ओठानं संदीप म्हणतो, "जाऊ दे ताई, त्याची माय होती." मला जाऊ द्यावंसं वाटत नाही. तुम्ही काय केलं असतं?